फायनान्सची पार्श्वभूमी नाही आणि विभागाचं बजेट हातात आलंय: आधी काय शिकावं?

उत्पादन_विभाग:

नमस्कार मंडळी. माझी बाजू तांत्रिक. आता विभागाचं बजेट, महिन्याचा खर्च अहवाल आणि यंत्रखरेदीचे प्रस्ताव हे सगळं माझ्या सहीने पुढे जातं. मला अकाउंटंट व्हायचं नाही, पण समोरचा आकडा कुठून आला आणि माझ्या कुठल्या निर्णयामुळे तो हलेल एवढं कळायला हवं. सध्या अडलेल्या गोष्टी अशा:

बिल आलेलंच नाही असा खर्च अहवालात दिसतो, आणि पैसे देऊन झालेला खर्च मात्र पूर्ण दिसत नाही. उत्पादन वाढलं म्हणून माल जास्त लागला, तरी "बजेटच्या ११ टक्के वर गेलात, कारण द्या" असं विचारतात. कंपनी नफ्यात आहे असं सांगतात आणि त्याच बैठकीत "कॅश नाही, खरेदी थांबवा" हेही सांगतात.

व्याख्या कुठेही मिळतात. आकडे मांडून कुणी समजावलं तर बरं होईल.

---

खतावणी:

पहिल्या प्रश्नापासून घेतो, कारण तो सुटल्याशिवाय पुढचा कुठलाही अहवाल नीट वाचता येत नाही. आकडे लाखांत धरा.

नफा-तोटा पत्रकात पैसे कधी दिले याला महत्त्व नाही. सेवा किंवा माल कधी वापरला याला आहे. वर्षभराचा देखभाल करार १२ लाखांचा आहे आणि सगळे पैसे पहिल्याच महिन्यात दिले, तर त्या महिन्याच्या खर्चात १ लाखच दिसेल. उरलेले ११ लाख ताळेबंदात 'आगाऊ दिलेला खर्च' म्हणून मालमत्तेच्या बाजूला बसतात आणि दर महिन्याला एक-एक लाखाने उतरतात. उलट, ठेकेदाराने २८ तारखेला काम पूर्ण केलं आणि बिल पुढच्या महिन्यात येणार असेल, तर फायनान्स अंदाजाने तरतूद करतं, म्हणजे बिल येण्याआधीच तो खर्च नोंदवतं. न आलेल्या बिलाचा खर्च दिसतो तो हा.

गडबड होते ती तरतूद उलटवताना. समजा ६ लाखांची तरतूद केली आणि पुढच्या महिन्यात ६.४ लाखांचं बिल आलं. नीट झालं तर त्या महिन्यात तुम्हाला उणे ६ आणि अधिक ६.४ अशा दोन नोंदी दिसतील, निव्वळ ०.४. उणे ६ ची नोंद राहून गेली तर दोन महिने मिळून एकाच कामाचे १२.४ लाख तुमच्या नावावर. मागच्या महिन्याच्या तरतुदींची यादी हातात घेऊन प्रत्येकीसमोर उलट नोंद आहे का हे बघणं हे तुमचंच काम समजा. काम झालं की नाही हे तुम्हाला माहीत असतं, फायनान्सला नसतं.

अहवालातली बेरीज बघत बसू नका. खतावणीचा तपशील एक्सेलमध्ये मागा: तारीख, पुरवठादार, वर्णन, परचेस ऑर्डर क्रमांक, कॉस्ट सेंटर (खर्च कुठल्या विभागाच्या नावावर, त्याचा संकेत), रक्कम. रकमेनुसार उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या वीस-पंचवीस नोंदी वाचा. दुसऱ्या विभागाचा खर्च चुकून तुमच्या कॉस्ट सेंटरवर पडलेला, नवीन यंत्राचा भाग 'दुरुस्ती' म्हणून लागलेला, एकच बिल दोनदा चढलेलं, हे सगळं तिथेच सापडतं.

आणखी एक. बजेट ६० लाख, आजवर नोंदलेला खर्च ३८ लाख, म्हणजे २२ लाख शिल्लक, असं धरू नका. दिलेल्या पण माल न आलेल्या ऑर्डरी १५ लाखांच्या असतील तर खरी शिल्लक ७ लाख. बहुतेक अहवालांत हा रकाना नसतो. मागून घ्यावा लागतो.

---

ताळमेळ:

खतावणी यांच्याशी सहमत. ११ टक्क्यांचं बघू.

एक उदाहरण. बजेट १,००० नगांचं. एका नगाला २ किलो माल, किलोला १०० दर. बजेट झालं २,००,०००. प्रत्यक्षात १,१०० नग बनले, २,३१० किलो माल लागला, दर ९६ पडला. खर्च २,२१,७६०. फरक २१,७६०, म्हणजे सुमारे ११ टक्के जास्त. अहवालात एवढंच येतं आणि सगळा दोष वापरणाऱ्यावर जातो.

आता हाच फरक तीन तुकड्यांत फोडा.

आधी बजेट प्रत्यक्ष उत्पादनावर आणा: १,१०० × २ × १०० = २,२०,०००. म्हणजे २०,००० चा फरक निव्वळ जास्त नग बनवल्याचा. त्याचं स्पष्टीकरण उत्पादन योजनेत आहे, तुमच्या कार्यक्षमतेत नाही.

मग वापर. १,१०० नगांना २,२०० किलो पुरायला हवे होते, ११० किलो जास्त गेले. ते बजेटच्याच दराने मोजायचे: ११० × १०० = ११,००० प्रतिकूल.

मग दर. किलोमागे ४ वाचले, २,३१० किलोंवर ९,२४० अनुकूल.

२०,००० + ११,००० − ९,२४० = २१,७६०. बेरीज जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर कुठेतरी दर आणि वापर एकमेकांत मिसळलेत.

आता शेवटच्या दोन आकड्यांकडे एकत्र बघा. खरेदी विभाग ९,२४० वाचवल्याचं श्रेय घेईल आणि ११,००० ची नासाडी तुमच्या माथी येईल. स्वस्त माल हलक्या प्रतीचा निघाला आणि त्यामुळेच जास्त वाया गेला, असं असू शकतं. तसं असेल तर त्या खरेदीने १,७६० चं नुकसानच केलं. नेमकं काय झालं हे लॉटनुसार नाकारलेले नग काढल्याशिवाय कळणार नाही, म्हणून लॉट क्रमांक आणि रिजेक्शन यांची नोंद एकत्र ठेवा. बैठकीत त्या नोंदीवर बोलता येतं, मतावर नाही.

स्थिर खर्चाला हे लावू नका. भाडं, पगार, विमा हे नगांच्या प्रमाणात वाढवलेल्या बजेटशी ताडून पाहिले तर उगाच बचत झाल्यासारखं दिसतं.

स्थिर खर्चाचा विषय निघालाच आहे तर सर्वांत फसवा आकडा सांगतो: 'प्रति नग खर्च'. महिन्याचा स्थिर उत्पादनखर्च ५० लाख, नगामागे बदलता खर्च ३००, विक्री किंमत ९००. सुरुवातीचा साठा शून्य.

१०,००० नग बनवले आणि सगळे विकले. स्थिर खर्च नगामागे ५००, एकूण ८००. नफा नगामागे १००, म्हणजे १० लाख.

आता विक्री तेवढीच ठेवून १२,५०० नग बनवले. स्थिर खर्च नगामागे ४०० वर आला, एकूण ७००. विकलेल्या १०,००० नगांवर नफा २० लाख. एकही नग जास्त विकला नाही आणि नफा दुप्पट! प्रत्यक्षात गोदामात २,५०० नग पडले, त्यांच्यावर बदलता खर्च म्हणून ७.५ लाख रोख गेले, आणि १० लाखांचा स्थिर खर्च त्या साठ्याच्या किमतीत जाऊन बसला (२,५०० × ४००). पुढच्या महिन्यांत तो साठा विकला जाईल तेव्हा हा खर्च बाहेर येईल. माल पडून राहिला तर त्याची किंमत कमी करावी लागेल, आणि फटका एकदम बसेल.

साठ्याच्या हिशोबाचं आंतरराष्ट्रीय मानक आयएएस २ नुसार स्थिर उत्पादनखर्च सामान्य क्षमतेच्या आधारे नगांवर वाटायचा असतो. महिन्याचे अंतर्गत अहवाल दर वेळी ते पाळतातच असं नाही. म्हणून 'प्रति नग खर्च कमी झाला' असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: साठा किती वाढला?

---

रोकड_आधी:

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम, पण क्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे. व्हेरियन्स (बजेट आणि प्रत्यक्ष यांतला फरक) समजायला उशीर झाला तर बैठकीत त्रास होतो. रोख समजायला उशीर झाला तर पगार अडकतात. मूळ प्रश्नातला तिसरा मुद्दा मी पहिला ठेवला असता.

तीन आकडे आणि एक बेरीज-वजाबाकी. वार्षिक विक्री ७३० लाख, विकलेल्या मालाचा खर्च ५११ लाख. ग्राहकांकडून येणी १२० लाख, साठा ७० लाख, पुरवठादारांची देणी ४२ लाख.

येणी: १२० ÷ ७३० × ३६५ = ६० दिवस.
साठा: ७० ÷ ५११ × ३६५ = ५० दिवस.
देणी: ४२ ÷ ५११ × ३६५ = ३० दिवस.

६० + ५० − ३० = ८०. पुरवठादाराला पैसे दिल्यापासून ग्राहकाकडून परत येईपर्यंत ८० दिवस पैसा अडकलेला असतो. साठा आणि देणी विक्रीवर मोजू नका, मालाच्या खर्चावरच मोजा, नाहीतर दिवस कमी दिसतात. आणि फक्त वर्षअखेरचा आकडा धरू नका. त्या आठवड्यात सगळेच वसुलीच्या मागे लागलेले असतात. महिन्यांची सरासरी घ्या.

आता 'नफा आहे पण कॅश नाही' याचं उत्तर. इथे अडकलेली रक्कम १२० + ७० − ४२ = १४८ लाख. विक्री २५ टक्के वाढली आणि दिवस तेवढेच राहिले तर आणखी ३७ लाख अडकतील. वाढलेली विक्री ९१२.५ लाख, निव्वळ नफा ४ टक्के धरला तर ३६.५ लाख. वर्षाचा सगळा नफा येणी आणि साठ्यातच गेला! त्यात यंत्र घेतलं किंवा कर्जाचा हप्ता आला की बँकेकडे धाव. कर्जाच्या मुद्दलाची परतफेड नफा-तोटा पत्रकात दिसतच नाही, हेही लक्षात असू द्या. व्याज दिसतं, मुद्दल नाही.

यात उत्पादनप्रमुखाच्या हातात काय आहे? वाटतं त्यापेक्षा बरंच. माल गेला पण तपासणी प्रमाणपत्र चार दिवसांनी गेलं, तर ग्राहक बिल स्वीकारत नाही आणि उधारीचे दिवस तिथून मोजले जातात. या उदाहरणात विक्री दिवसाला २ लाख आहे, म्हणजे कागदपत्रांमुळे सरासरी चार दिवस वाचले तर ८ लाख मोकळे. त्यासाठी वसुली विभागाची गरज नाही.

घाऊक खरेदीचंही तसंच. पुरवठादार म्हणतो, दर महिन्याऐवजी सहा महिन्यांचा माल एकदम घ्या, ३ टक्के सूट देतो. एकसारखा वापर धरला तर सरासरी साठा अर्ध्या महिन्यावरून तीन महिन्यांवर जातो, अडीच महिने जादा. पैशाची किंमत वर्षाला १२ टक्के असेल तर अडीच महिन्यांच्या खरेदीवर वर्षाचं व्याज म्हणजे वार्षिक खरेदीच्या २.५ टक्के. हाती राहिले ०.५ टक्के, आणि त्यातून जागा, विमा, खराब होणं, डिझाइन बदललं तर भंगार. सूट नाकारण्याचं कारण आता आकड्यात सांगता येईल.

उलट बाजूने: '३० दिवसांत द्या, १० दिवसांत दिलेत तर २ टक्के सूट' अशी अट असेल आणि कंपनी ३० दिवसच वापरत असेल, तर २० दिवसांच्या उधारीसाठी ९८ वर २ मोजतोय. २ ÷ ९८ × ३६५ ÷ २० = वर्षाला ३७ टक्क्यांहून जास्त. कर्ज काढून सूट घेणं परवडतं, फक्त कर्ज मिळण्याची सोय हवी.

---

दरपत्रक:

दराबद्दल थोडक्यात, कारण विक्रीवाले सूट मंजूर करायला उत्पादनाकडेही येतात.

खर्चावर २५ टक्के चढवले म्हणजे मार्जिन २५ टक्के नव्हे. १०० चा माल १२५ ला विकला, नफा २५, विक्रीच्या २० टक्के. एकाने खर्चावरचा टक्का बोलायचा आणि दुसऱ्याने विक्रीवरचा ऐकायचा, असं कोटेशनमध्ये सर्रास होतं.

सूट देताना बघायचं ते कॉन्ट्रिब्युशन: विक्री किंमत वजा बदलता खर्च. ते ३० टक्के असेल आणि १० टक्के सूट दिली, तर तेवढेच पैसे मिळवायला ३० ÷ २० = १.५ पट नग विकावे लागतात. ५० टक्के जास्त! एवढी क्षमता तुमच्याकडे आहे का, हे तुम्हीच सांगू शकता.

मात्र क्षमता रिकामी असताना एखादी एकवेळची ऑर्डर ताळमेळ यांच्या उदाहरणातल्या ८०० च्या खाली, समजा ४५० ला आली, तर लगेच नाकारू नका. बदलता खर्च ३०० आहे, नगामागे १५० पदरात पडतात. दोन अटी: नेहमीच्या ग्राहकांनी तोच दर मागू नये, आणि या ऑर्डरसाठी ओव्हरटाइम किंवा नवीन साचा लागू नये. लागला तर तोही बदलत्या खर्चात धरा.

---

उत्पादन_विभाग:

खूप खूप धन्यवाद. तरतुदींची यादी आजच मागवतो.

एक प्रत्यक्ष प्रस्ताव समोर आहे. यंत्र ४० लाख, वर्षाला १२ लाख बचत, आयुष्य ५ वर्षं, शेवटी किंमत शून्य. चाचणीवर २ लाख आधीच खर्च झालेत. "१२ टक्क्यांनी एनपीव्ही काढा" असं फायनान्सने सांगितलंय (एनपीव्ही म्हणजे पुढच्या वर्षांच्या बचतींची आजची किंमत वजा यंत्राची किंमत). एक्सेलमध्ये २.९१ येतो, पण ते म्हणतात चुकलाय. २ लाख, घसारा (यंत्राची किंमत वर्षांवर वाटून दाखवलेला खर्च) आणि मुख्यालयाचा वाटून आलेला खर्च यांतलं काय धरायचं?

---

ताळमेळ:

२.९१ आला म्हणजे उणे ४० तुम्ही एनपीव्ही फंक्शनच्या आत टाकलेत. ते फंक्शन पहिला आकडा एका वर्षानंतरचा समजतं. फक्त पाच वर्षांच्या बचती आत टाका आणि ४० बाहेर वजा करा. हाताने असं (०.८९३ म्हणजे १ ÷ १.१२, पुढे दर वर्षी पुन्हा १.१२ ने भागायचं):

वर्ष १: १२ × ०.८९३ = १०.७१
वर्ष २: १२ × ०.७९७ = ९.५७
वर्ष ३: १२ × ०.७१२ = ८.५४
वर्ष ४: १२ × ०.६३६ = ७.६३
वर्ष ५: १२ × ०.५६७ = ६.८१

बेरीज ४३.२६, वजा ४०, उत्तर ३.२६.

चाचणीचे २ लाख सोडा. यंत्र घेतलं काय, न घेतलं काय, ते परत येणार नाहीत. मुख्यालयाचा खर्च सोडा. यंत्रामुळे तो वाढत नाही, नुसता वेगळा वाटला जातो. घसाराही बचतीतून वजा करू नका, कारण ४० लाख सुरुवातीलाच पूर्ण वजा झालेत. घसाऱ्याचा उपयोग फक्त कर मोजताना. फायनान्सचे १२ टक्के करपश्चात असतील तर बचतही करपश्चात हवी. हे त्यांना विचारून घ्या, नाहीतर एनपीव्ही फुगतो.

जे धरायला हवं आणि हमखास राहतं: सुट्या भागांचा साठा. २ लाखांचे सुटे भाग ठेवावे लागणार असतील तर सुरुवातीला उणे २, पाचव्या वर्षाअखेर परत अधिक २ × ०.५६७. तेवढ्यानेच एनपीव्ही २.३९ वर येतो. बसवण्याचा खर्च, प्रशिक्षण आणि बदलाच्या काळात बुडणारं उत्पादनही हवं.

आता हा प्रस्ताव किती नाजूक आहे ते बघा. बचत १२ ऐवजी ११ झाली तर एनपीव्ही उणे ०.३५. बचत १२ च राहिली पण यंत्र सुरू व्हायला एक वर्ष उशीर झाला तर उणे १.३८. म्हणजे सगळं अवलंबून आहे ते १२ लाख कशाने बनलेत यावर. त्यात 'दोन कामगारांचा अर्धा वेळ वाचेल' असं काही असेल आणि ते दोघे पगारावर राहणारच असतील, तर ती रोख बचत नाही. ओव्हरटाइम खरंच बंद होणार असेल तर आहे. कच्च्या मालाची नासाडी घटणार असेल तर किती किलो, कुठल्या दराने, कुठल्या चाचणीवरून, हे जोडा.

परतफेडीचा काळ ४० ÷ १२ = ३.३ वर्षं, तोही लिहा. तो पैशाची काळानुसार किंमत धरत नाही आणि नंतरच्या वर्षांकडे बघत नाही, पण मंजुरी देणारा तो विचारतोच.

---

खतावणी:

यंत्र विकत न घेता भाड्याने घ्यायचा पर्याय समोर आला तर एक सावधगिरी. आयएफआरएस १६ हे भाडेकरारांच्या हिशोबाचं आंतरराष्ट्रीय मानक १ जानेवारी २०१९ पासून लागू झालं, तेव्हापासून ते पाळणाऱ्या कंपन्यांत बहुतेक दीर्घ भाडेकरार ताळेबंदावर येतात आणि भाड्याच्या जागी घसारा व व्याज दिसतं. त्यामुळे एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) वाढलेला दिसतो, पण दर महिन्याला खात्यातून जाणारी रक्कम तीच असते. दोन पर्यायांची तुलना एबिटडावर करू नका, दोन्हींचे रोख प्रवाह मांडून त्याच १२ टक्क्यांनी करा.

आणि तरतुदींची यादी मागवताय तर उलट दिशेनेही एक यादी द्यायला लागा. महिन्याच्या हिशोबाची पुस्तकं बंद व्हायच्या दोन दिवस आधी फायनान्सला कळवा: काम झालं पण बिल आलं नाही असे ठेकेदार (रक्कम आणि परचेस ऑर्डर क्रमांकासह), माल आला पण आवक नोंद राहिली असे ट्रक, बिल आलंय पण काम अर्धवट आहे अशी प्रकरणं, आणि वादात असलेली बिलं. वादातल्या बिलांसमोर तुमच्या मते देय असलेली रक्कम लिहा, नाहीतर पूर्ण रकमेची तरतूद होईल. पुस्तकं बंद झाल्यावर सांगितलं तर दुरुस्ती पुढच्या महिन्यात जाते आणि दोन्ही महिन्यांचे आकडे वाकडे दिसतात.